फळीवरचे जबडे

२ जानेवारी

"लॅबचं रडगाणं मला ऐकवण्यापेक्षा वहीत लिहा, वही जांभया देत नाही," असं ही म्हणाली. म्हणून लिहायला बसलो. नव्या वर्षाची वही कुणीतरी भेट दिलेली आयतीच पडून होती.

रडगाणं असं की आणखी एक माणूस गेला. दाढांच्या कॅप ओतणारा. चार वर्षं इथे शिकला, हात बसला आणि उडाला. पुलापलीकडे एक नवीन लॅब उघडली आहे, तिथे गेला. याआधीचा पॉलिशवालाही तिथेच गेला होता. माणसं घडवायची आम्ही आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा.

जाताना त्याने रीतीप्रमाणे फळीवरचा आपला जबडा नेला. ही रीत लिहून ठेवायला हवी, कारण ती माझ्या डोक्यातून निघाली आहे. आमच्याकडे कृत्रिम दात बनतात. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याच्याच दातांचं माप घ्यायचं. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात घालून तो बसतो, लाळ हनुवटीवर येते, बाकीचे भोवती उभे राहून त्याला मुद्दाम प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तर देता येत नाही. हसून हसून पुरेवाट होते. मग मापात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, तळाला पेन्सिलने नाव लिहायचं आणि पुढच्या खोलीतल्या फळीवर ठेवायचा. माणूस सोडून गेला की जबडा सोबत घेऊन जातो. त्या दिवसापासून माणूस आपला होतो, असं माझं मत आहे. आपला होऊन मग पुलापलीकडे जातो हा भाग वेगळा.

बदलीबाईंनी त्याचा जबडा कागदात नीट गुंडाळून दिला. "पडून तुटला तर घेऊन ये, जोडून देईन," असंही म्हणाल्या. बाईंना गेलेल्यांचा राग येत नाही. मला येतो.

७ जानेवारी

आज चांगली बातमी. दातांच्या दवाखान्यांची एक मोठी कंपनी आहे, ठिकठिकाणी शाखा असलेली. त्यांना सगळं काम एकाच लॅबला द्यायचं आहे. त्यांच्या मॅडम लॅब बघून गेल्या. काम मिळालं तर पुढची काही वर्षं बघायला नको.

मॅडम तरुण, बोलणं तुटक. म्हणाल्या, "काम चांगलं आहे हे आम्हाला माहीत आहे. पण आम्ही ज्यांच्याशी जोडले जातो, त्यांच्याकडे सगळ्या तऱ्हेची माणसं असावीत आणि आलेली माणसं टिकावीत, असा आमचा आग्रह असतो."

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळ्या तऱ्हेची आहेत. काही तर कामही करतात." त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेबलांवरून एक नजर फिरवली. खरं सांगायचं तर सगळे एकाच वयाचे, एकाच संस्थेतून शिकलेले, एकसारखे केस कापलेले पुरुष. हे मी मुद्दाम केलेलं नाही. माणूस घेताना मी एकच बघतो, आपल्यात मिसळेल का. मिसळतील असे सगळे सारखेच निघाले, त्याला मी काय करू?

"बाई एकच?" मॅडमनी विचारलं.

"एकच, पण दहांना भारी."

बदलीबाई मान वर न करता म्हणाल्या, "पगार मात्र एकीचाच." सगळे हसले. मीही हसलो. बाईंची जीभ अशीच आहे, मीठ जरा जास्त. मॅडम मार्चमध्ये पुन्हा येणार.

८ जानेवारी

काल बाईंचा विषय निघाला तर त्यांच्याबद्दल लिहितो. पुढचे दात म्हणजे बदलीबाई. दाढ कशीही चालते, तोंडात आत कोण बघतंय? पण पुढचा दात शेजारच्या दाताशी जुळला नाही तर माणूस हसणं सोडतो. नुसता पांढरा रंग देऊन भागत नाही. मुळाशी पिवळसर, टोकाला जरा निळसर, मध्ये कुठे एखादी बारीक रेघ. बाई खिडकीपाशी बसून हे थरावर थर चढवतात. डॉक्टर लोक मापासोबत चिठ्ठीवर लिहितात, "त्याच बाईंना द्या."

माझा वरचा एक दात त्यांचाच आहे. जिन्यावरून पडलो होतो तेव्हाचा. मी म्हणालो होतो, जरा उजळ करा. म्हणाल्या, "उजळ केला तर तो तेवढाच तरुण दिसेल आणि बाकीचे चुगली करतील." कोणता दात खोटा ते हिलासुद्धा ओळखता येत नाही.

बारा वर्षांपूर्वी एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी बाई तीन महिन्यांच्या बदलीवर आल्या. ती मुलगी परत आलीच नाही आणि बाई राहिल्या. बदलीवर आल्या म्हणून बदलीबाई. नाव चिकटलं ते चिकटलं. आता तर डॉक्टरही तेच म्हणतात. बाईंनी कधी तक्रार केली नाही. अशी माणसं शोधून मिळत नाहीत. त्यांची मला काळजी नाही, त्या घरच्याच आहेत. काळजी आहे ती बाकीच्यांची.

२१ जानेवारी

माणसं बघणं चालू आहे. यावेळी ठरवून वेगळी माणसं बोलावली. आधी हिने माझी फिरकी घेतली, "दुकानात रंग निवडायला गेल्यासारखे निघालात." पण आज दोन माणसं मिळाली आणि दोन्ही बावनकशी.

पहिली एक मुलगी, चाकांच्या खुर्चीतून आली. मेणात दात कोरण्याचं काम करते. मी नमुन्याला एक दाढ कोरायला दिली. ती कोरत असताना मी तिला पायाचं काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, "दाढ पायाने कोरायची आहे का?" मी वरमलो. दाढ अशी कोरली होती की चावायला घ्यावी.

दुसरा, घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ. वय छप्पन्न, दुकान बंद पडलं. दातांचं काही माहीत नाही, पण केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलताना हात हलत नाही. म्हणाला, "घड्याळात चूक झाली तर गिऱ्हाईक उशिरा पोचतं. इथे काय होतं?" मी म्हणालो, इथे गिऱ्हाईक शिव्या देतं, कारण तोंड त्याचंच असतं.

दोघांनाही घेतलं. पूर्वी मी यांना "बघून कळवतो" म्हणून वाटेला लावलं असतं, हेही लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी

दाराची पायरी काढून तिथे उतार केला. एक टेबल खाली घेतलं. मोरीचा दरवाजा रुंद करून घेतला. गवंड्याने दोनदा केलं तेव्हा कुठे जमलं.

आज दोघांचा पहिला दिवस. रीतीप्रमाणे जबडे काढले. घड्याळवाल्याला सगळे आता काका म्हणतात. काका ट्रे तोंडात घेऊन बसले आणि पोरांनी विचारलं, "काका, बायको कशी आहे?" काकांनी दोन्ही हात जोडले. मेणवालीने तर ट्रे तोंडात असताना हाताने खुणा करून सगळ्यांना शिव्या घातल्या. बदलीबाईंनी तिची हनुवटी पुसली. लगदा कालवायचं कामही दर वेळी बाईच करतात, गुठळी होऊ देत नाहीत.

जबडे फळीवर ठेवताना मेणवाली एकेक उचलून तळाची नावं वाचत होती. म्हणाली, "सर, बाईंचा कुठला?"

मी म्हणालो, "असेल मागे कुठेतरी, बघ." तेवढ्यात फोन आला.

१० फेब्रुवारी

जागेचा प्रश्न सुटला. खिडकीपाशी सगळ्यात ऐसपैस जागा आहे, खुर्ची फिरायला सोपी. तिथे मेणवालीला दिली. मॅडम आल्या की दारातून सरळ तीच दिसेल, हेही डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू? बदलीबाईंना आतल्या बाजूला नवीन ट्यूब लावून दिली.

मेणवाली म्हणाली, "मला उजेडाचं काही नाही सर, मी दारापाशी बसते. इथे बाईंनाच राहू द्या." चांगल्या घरची मुलगी आहे, भीड वाटते तिला. मी म्हणालो, तू लाजू नकोस, हे सगळं तुमच्यासाठीच आहे.

बाई उठल्या. आपले ब्रश, आपली काचेची पाटी, आपला पाण्याचा पेला, सगळं एका फेरीत उचलून आत गेल्या. हेच मला त्यांचं आवडतं, गवगवा नाही.

१७ फेब्रुवारी

भट्टीवाला जाणार, असा मला संशय आहे. दात भाजायच्या भट्टीचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही. काल पुलापलीकडच्या लॅबचा मालक आणि हा चहाच्या टपरीवर खांद्याला खांदा लावून उभे होते. मला बघून दोघांनी बोलणं बंद केलं. मी कच्च्या गुरूचा चेला नाही.

आज त्याला उंच पाठीची नवीन खुर्ची आणून दिली. पगार वाढवला. भट्टीच्या दारावर "भट्टीप्रमुख" अशी पाटी लावली. भट्टीत तो एकटाच असतो, त्यामुळे प्रमुख कुणाचा असं काकांनी विचारलं. भट्टीवाला गोंधळून म्हणाला, "साहेब, मी काही बोललो होतो का?" मी म्हणालो, माणसाने बोलायची वेळच येऊ देऊ नये, तोच खरा मालक.

बदलीबाई म्हणाल्या, "खुर्ची छान आहे हो." हात लावून बघितली त्यांनी.

२७ फेब्रुवारी

एक पुढचा दात परत आला. रंग जुळला नाही. बाईंचं काम परत आलेलं मला तरी आठवत नाही. डॉक्टरने सभ्य भाषेत लिहिलंय, "यावेळी जरा राखाडी वाटतो."

बाई तो दात हातात घेऊन रस्त्यावर गेल्या, उन्हात धरून बघितला, परत येऊन म्हणाल्या, "डॉक्टरांचं बरोबर आहे." आणि पुन्हा करायला बसल्या. त्यांचंही वय होत चाललं, डोळे कायम कसे राहतील? मी म्हणालो, "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, पैसे लॅब देईल." त्यांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. मी चांगल्या मनाने म्हणालो होतो.

संध्याकाळी परत डोकावलो तर बाई खिडकीपाशी आणि मेणवाली दारापाशी. दोघींनी आपसात जागा बदलून टाकली होती. मी म्हणालो, निदान मॅडम येऊन जाईपर्यंत तरी ठरल्या जागी बसा. मेणवाली म्हणाली, "दात काय मॅडम येईपर्यंत थांबणार आहेत?" पोरगी बाईंच्या वळणावर चालली आहे.

६ मार्च

मॅडम येऊन गेल्या. सगळं नीट पार पडलं. उतार बघितला, खाली घेतलेलं टेबल बघितलं, काकांशी बोलल्या. काका म्हणाले, "इथल्या पोरांना मी घड्याळ बघून उठायला शिकवलं, त्यांनी मला दाढा शिकवल्या." मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"आणि माणसं टिकावीत म्हणून काय करता?" त्यांनी विचारलं. मी त्यांना फळीपाशी नेलं आणि जबड्यांची रीत सांगितली. त्यांना फारच आवडलं. म्हणाल्या, "सगळ्यांचा एक फोटो काढू या, प्रत्येकाने हातात आपापला जबडा धरून. आमच्या मुख्य कचेरीत लावता येईल."

एकच धांदल उडाली. ज्याने त्याने आपला शोधून घेतला. माझा सगळ्यात जुना, प्लास्टर पिवळं पडलेला, आणि त्यात जिन्यावरून पडून तुटलेला तो दात अजून शाबूत. मेणवाली मध्ये, काका तिच्या शेजारी, भट्टीवाला नव्या खुर्चीसकट. फोटो कोण काढणार? मी मॅडमचा फोन बदलीबाईंच्या हातात दिला. "बाई, तुम्ही काढा, तुमचा हात सगळ्यांत स्थिर."

बाईंनी चार-पाच काढले. "काका, जबडा जरा खाली घ्या, तुमचा खरा दिसत नाही," असं म्हणून सगळ्यांना हसवलं, आणि तोच फोटो सुंदर आला. सगळेच्या सगळे हसताहेत.

९ मार्च

फोटो मोठा करून पुढच्या खोलीत, फळीच्या वर लावला. हिला दाखवायला मुद्दाम घेऊन आलो. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बदलीबाई कुठे आहेत?"

म्हणालो, "अगं, त्यांनीच तर काढलाय."

"हं," म्हणाली. हिला फोटोत नेहमी काहीतरी कमी दिसतं.

१३ मार्च

काय लिहावं कळत नाही. बदलीबाई सोडून चालल्या.

संध्याकाळी ब्रश धुऊन झाल्यावर पदराला हात पुसत माझ्या दारात आल्या. "साहेब, महिनाभर काम करीन. नंतर येणार नाही."

मला वाटलं गावाला चालल्या. "किती दिवस?"

"कायमची. पुलापलीकडे जातेय."

मी हसलो. मला खरंच थट्टा वाटली. त्या हसल्या नाहीत तेव्हा विचारलं, असं काय आहे तिथे? म्हणाल्या, "उजेड चांगला आहे."

"उजेड तर इथेही आहे."

"आहे," म्हणाल्या, आणि गेल्या.

कंपनीचं हे सगळं काम त्यांच्या पुढच्या दातांच्या भरवशावर मागितलंय.

१४ मार्च

भट्टीवाल्याला बोलावून फैलावर घेतलं. म्हणालो, तू आणि तो मालक काय शिजवत होतात? तो म्हणाला, "साहेब, तो माझा मेहुणा आहे. मला त्याने कधीच बोलावलं नाही. बाईंबद्दल विचारत होता, त्यांचं काय चाललंय म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी त्याला म्हणालो, बाई कुठल्या जातात, साहेब नेहमी सांगतात त्या घरच्याच आहेत." मग त्याने विचारलं, "आता खुर्ची परत द्यायची का?"

१८ मार्च

बाईंना पगारवाढ देऊ केली. भट्टीवाल्याच्या दुप्पट. म्हणाल्या, "एवढे होते होय तुमच्याकडे." रागावून नाही, नवल वाटल्यासारखं. खिडकी कायमची त्यांची, असं सांगितलं. म्हणाल्या, "ती मेणवालीने केव्हाच दिली." खुर्ची देऊ केली. नको म्हणाल्या. तिकडे पगार जवळजवळ इथल्याएवढाच आहे, हे मी भट्टीवाल्याकडून काढून घेतलं. मग कशासाठी? त्यांना तिथे कुणी ओळखतही नाही.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "थांबा म्हणालात का तिला?"

"पगार दुप्पट केला, आणखी काय म्हणायचं असतं?"

"मी ते नाही विचारलं," म्हणाली.

विचार करून डोकं दुखायला लागलं. बारा वर्षं रोज सकाळी आधी त्या पेल्यात ब्रश हलवल्याचा आवाज यायचा आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा.

१२ एप्रिल

आज बाईंचा शेवटचा दिवस. दुपारीच काम थांबवलं. मी भाषण लिहून नेलं होतं, पण पाठ झालं नव्हतं, म्हणून मनातलं बोललो. म्हणालो, बाई आमच्याकडे कामाला नव्हत्या, आमच्या घरच्या होत्या. आमच्यापैकी प्रत्येकाच्या पोटापाण्यात त्यांचा हात आहे आणि माझ्या तर तोंडात आहे. सगळे हसले. काका डोळे पुसत होते.

मग म्हणालो, आता रीतीप्रमाणे बाईंचा जबडा बाईंच्या हातात देऊ. आणि फळीकडे वळलो.

पहिल्या ओळीत नव्हता. मागच्या ओळीत बघितलं. एकेक उचलून तळ वाचत गेलो. माझा, भट्टीवाल्याचा, काकांचा, मेणवालीचा. कुणी मोडून लपवला असेल म्हणून मी पोरांवर ओरडलो. मेणवाली खाली बघत होती. फळीच्या मागे हात घातला, तिथे धूळ होती.

"शोधू नका साहेब," बाई म्हणाल्या. "नाहीये."

"पडला असेल साफसफाईत. कधी पडला? सांगायचं नाही का?"

"पडला नाही. घेतलाच नव्हता. मी आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, तीन महिन्यांसाठी प्लास्टर कशाला वाया घालवायचं."

मला आठवत नाही. पण म्हणालो असेन. माझ्यासारखंच वाटतं ते.

"मग नंतर..." मी म्हणालो.

"नंतर मी वाट बघितली," बाई म्हणाल्या. "आपण होऊन काय सांगायचं, माझं तोंड मोजा म्हणून?" हे त्या हसूनच म्हणाल्या. हसताना त्यांचा हात सवयीने तोंडावर गेला.

मेणवालीने खुर्ची वळवली, ट्रे काढला आणि लगदा कालवायला घेतला. "आत्ता घेऊ. दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि मोरीत नेऊन धुतली. "गुठळ्या झाल्यात," म्हणाल्या. "आणि येणाऱ्याचं माप घेतात गं, जाणाऱ्याचं नाही." मग ब्रशचा डबा काखेत धरला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि उतारावरून खाली गेल्या.

मी दारात उभा होतो. थांबा म्हणायचं तेव्हाही सुचलं नाही.

१३ एप्रिल

फळीवरचा फोटो काढून ठेवला. बघवत नाही.

३० एप्रिल

कंपनीचा निर्णय आला. काम मिळालं, पण अर्धं. दाढा सगळ्या आमच्याकडे. पुढचे दात पुलापलीकडे. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "नमुन्याला पाठवलेले पुढचे दात आमच्या डॉक्टरांना पटले नाहीत. बाकी तुमच्याकडचं वातावरण फार छान आहे."

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. आमच्याकडे आता फक्त खायचे राहिले. काका म्हणाले, "पोट दाढांवरच भरतं, साहेब." बरोबर आहे. मेणवाली बाईंच्या जागेवर बसून रंग शिकते आहे. मी तिला विचारलं, तुला आणखी काय हवं? म्हणाली, "विचारलंत ना, बास. लागलं तर सांगीन."

१९ मे

काल बदाम चावताना तो वरचा दात गेला. कॅपला तडा नाही, आतलं मूळच हललं होतं. डॉक्टर म्हणाले नवीन करावा लागेल, आणि रंग बघायला स्वतःच जावं लागेल, पुढचे दात हल्ली पुलापलीकडे जातात, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणालो, माहीत आहे. ही म्हणाली, "जा. तोंड लपवून किती दिवस बसाल?" दोन्ही अर्थांनी म्हणाली असावी.

तर आज पूल ओलांडला. छोटी लॅब, आमच्या निम्मी. आत शिरलो आणि समोर फळी, फळीवर जबडे. आमच्याकडून गेलेल्या दोघांनी रीत सोबत नेली होती. क्षणभर डोकं सणकलं. मग सवयीने जवळ जाऊन बघायला लागलो.

एका टोकाला एक नवाकोरा, अजून पांढराशुभ्र जबडा होता. लहान. वरचे दात सरळ, खाली पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला, चांगलाच वाकडा. आयुष्यभर मी लोकांचे दात बघत आलो, माणूस बोलायला लागला की आधी माझं लक्ष दातांकडे जातं. बारा वर्षं समोर बसलेल्या बाईंचा हा दात मी कधी बघितला नव्हता. हसताना हात का जायचा ते आज कळलं.

जबडा उलटा केला. तळाला पेन्सिलने नाव होतं. पगाराच्या चेकवर दर महिन्याला मीच ते नाव लिहीत होतो, तोंडाने कधी घेतलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जबडा होता तसा फळीवर ठेवला.

त्या आत खिडकीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. पेल्यात ब्रश हलत होता. मी त्यांना नावाने हाक मारली, मागे बाई लावून. आमच्याकडून गेलेल्या दोघांनी माना वर केल्या. बाईंनी केली नाही. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा वळल्या.

"आवाज तर तुमचाच वाटला," म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलावत असाल."

मग रंगांच्या पट्ट्या घेतल्या, मला उजेडात बसवलं आणि म्हणाल्या, "तोंड उघडा, साहेब."